मैवंदचा बॉबी आणि मुंबईचे शिपाई

नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलच्या आवारात ‘फामागुस्ता’ नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यात होते. रणगाड्यानं पेट घेतला, मागे येण्याचा हुकूम झाला. तोफ अजून चालते आहे असं कळवून ते जागेवरच राहिले आणि तिथेच पडले. वय एकवीस. पुण्यात जन्मलेल्या या तरुणाला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांची रेजिमेंट होती पूना हॉर्स.

या पूना हॉर्सची कुळी बरीच मागे, आपल्याच मुलखात जाते. १८१७ च्या पुण्याच्या तहानुसार दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चानं उभं राहिलेलं घोडदळ ही तिची सुरुवात. पारनेरची हद्द संपून घोडनदी ओलांडली की लागणारं शिरूर हे तिचं जुनं ठाणं. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईआधी कॅप्टन स्टाँटनच्या पायदळाबरोबर शिरूरहून निघालेले स्वार याच घोडदळाचे. पुढे १९२१ मध्ये पूना हॉर्समध्ये आणखी एक जुना रिसाला मिसळला. त्याचं मूळ नाव तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी. या रिसाल्यानं २७ जुलै १८८० चा दिवस अफगाणिस्तानात मैवंदच्या मैदानात काढला. तो दिवस पराभवाचा होता, म्हणून त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. इंग्लंडात मात्र ती आजही सांगतात, आणि ती सांगताना एका छोट्या कुत्र्याचं नाव हमखास घेतात. मला ती त्या कुत्र्यासाठी सांगायची आहे, आणि त्याच्या आजूबाजूला पडलेल्या मुंबई सैन्यातल्या माणसांसाठीही.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळानं नगर जिल्हा पार पिळून निघाला होता. त्यातच १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्रज फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. काबूलवर रशियाची छाया पडेल ही भीती लंडन आणि सिमल्याच्या मनातून कधी गेलीच नव्हती. मे १८७९ मध्ये गंडमकचा तह झाला, सप्टेंबरात काबूलमधला इंग्रज रेसिडेंट कॅव्हेग्नारी मारला गेला, आणि युद्ध पुन्हा पेटलं. इंग्रज सेनापती रॉबर्ट्सनं काबूल घेतलं. दक्षिणेला कंदाहारचा वेगळा सुभा करून तिथे शेर अली खान नावाच्या एका वालीला बसवायचं असा बेत ठरला. १८८० च्या वसंतात बंगाल सैन्याच्या पलटणी कंदाहार सोडून काबूलकडे निघाल्या आणि त्यांची जागा मुंबई सैन्यानं घेतली. मुंबईहून कराचीपर्यंत जहाज, सिंधमधून सिबीपर्यंत त्याच जानेवारीत घाईघाईनं पोहोचवलेली आगगाडी, आणि मग बोलन खिंडीतून पायी. दख्खनच्या माणसाला कंदाहार गाठायला असा प्रवास करावा लागे.

या सैन्यात ६६ वी बर्कशर ही गोऱ्यांची पलटण होती, आणि तिच्यात लान्स सार्जंट पीटर केली नावाच्या शिपायाचं एक कुत्रं होतं. नाव बॉबी. अंगानं लहान, केसाळ; जात कोणती हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही. पलटणीच्या कागदोपत्री त्याचं काही काम नव्हतं. पण पलटण जिथे जाई तिथे तो जाई. तो केलीचा होता तितकाच साऱ्या पलटणीचा झाला होता.

गोऱ्या पलटणींना छोट्या कुत्र्यांचं वेड जुनंच. बराकीत उंदीर-घुशी असत, छावणीबाहेर कोल्हे असत, आणि रिकामा वेळ भरपूर असे. लंडनच्या उंदीरखड्ड्यात १८२३ मध्ये ‘बिली’ नावाच्या कुत्र्यानं शंभर उंदीर साडेपाच मिनिटांत मारल्याची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. हे खेळ क्रूर होते आणि ते बंद झाले हे चांगलंच झालं. मात्र त्यांच्या मागे खरीखुरी कामाची परंपरा होती. डेव्हनच्या जॉन रसेल या पाद्र्यानं १८१९ मध्ये ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून कोल्ह्याच्या बिळात शिरणाऱ्या टेरियरचं घराणं वाढवलं. या कामात कुत्र्याच्या धैर्याचा कस लागतो, कारण बिळात दुसऱ्याला जागाच नसते. मोठे शिकारी कुत्रे कळपानं धावतात, मागे घोडेस्वार असतात. टेरियर अंधारात एकटा शिरतो, समोर त्याच्याच वजनाचं दात विचकणारं जनावर असतं, आणि मालकाचा आवाज जमिनीच्या वर राहतो. त्यानं कोल्ह्याला मारायचं नसतं. त्याच्यासमोर ठाण मांडायचं, भुंकत राहायचं, मागे हटायचं नाही, एवढंच त्याचं काम. जर्मनीच्या डॅक्सहुंडाला बिज्जूच्या बिळासाठी असंच घडवलं.

आजच्या श्वानक्रीडेतही ही परीक्षा टिकून आहे. अमेरिकेत २०१३ पासून ‘बार्न हंट’ खेळतात. त्यात पेंढ्याच्या गठ्ठ्यांमध्ये दडवलेल्या नळीतल्या उंदराचा माग छोटं कुत्रं काढतं, आणि उंदीर नळीत सुखरूप राहतो. जर्मन परंपरेच्या आयजीपी स्पर्धेत संरक्षणाचा भाग असतो. तिथे जाड बाही घातलेला माणूस काठी उगारून कुत्र्यावर चालून येतो आणि कुत्र्यानं जागा न सोडता त्याला रोखायचं असतं. त्या स्पर्धेत अनेक वर्षं एक मीटरचा अडसर आणि एक मीटर ऐंशी सेंटिमीटरची तिरपी भिंत राहिली. ही मापं थोरल्या कुत्र्यांचीच. तरीही नियमानं कोणत्याही जातीच्या कुत्र्याला दार बंद नाही, आणि एखादा टेरियर त्या मैदानावर उतरला की जाणते प्रेक्षक त्याची उडी मोजत नाहीत. माणूस अंगावर आल्यावर तो कुठे उभा राहतो हे पाहतात.

बॉबीची परीक्षा ज्या मैदानावर झाली, तिथे काठी उगारणारा माणूस खोटा नव्हता.

जून १८८० मध्ये हेरातचा सुभेदार अयूब खान मोठी फौज घेऊन निघाला. त्याला अडवायला कंदाहारहून ब्रिगेडियर जनरल बरोज सुमारे अडीच हजार माणसं घेऊन हेल्मंद नदीवरच्या गिरिश्कपर्यंत गेला. मदतीला वाली शेर अलीची फौज होती. १४ जुलैला तीच फौज उलटली. तिचा पाठलाग करून सहा तोफा परत मिळवल्या आणि त्या चालवायला ६६ व्या पलटणीतले शिपाई बसवले. अयूबची फौज मैवंदकडे सरकते आहे अशी खबर आली, तेव्हा २७ जुलैला भल्या सकाळी बरोजनं कुश्क-इ-नखुदहून तळ हलवला.

पुढे जे घडलं ते वाचताना मराठी माणसाला पानिपत आठवल्याशिवाय राहत नाही. तेच उघडं मैदान, तशीच उपाशीपोटी निघालेली फौज, पाण्याचा तसाच तुटवडा, आणि मागे बाजारबुणग्यांचा न आवरणारा पसारा. फरक इतकाच की इथे जुलैचं ऊन होतं. अकराच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. इंग्रजांकडे बारा, अयूबकडे तीस. अयूबची एकूण माणसं पंचवीस हजारांच्या घरात मोजली जातात. त्यांत कवायती पलटणी होत्या, हेराती घोडदळ होतं आणि पांढऱ्या कपड्यांतले हजारो गाझी होते.

बरोजची रांग अशी होती: उजवीकडे ६६ वी, मध्ये बॉम्बे ग्रेनेडियर्सची पहिली पलटण, डावीकडे जेकब्स रायफल्स. मागे-बाजूला घोडदळ, त्यात तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी. शिवाय खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सची छोटी तुकडी, तिचा प्रमुख लेफ्टनंट टॉमस राइस हेन. ६६ व्या पलटणीला जमिनीच्या किंचित उताराचा आडोसा मिळाला होता. ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स सपाट, उघड्या जमिनीवर तासन्‌तास तोफांच्या माऱ्याखाली पडून होते. जेकब्स रायफल्समध्ये बरेच नवे भरती झालेले पोरगे होते. त्या काळी देशी पलटणीला गोरे अधिकारी सात-आठच असत. ते पडू लागले की हुकूम द्यायला कुणी उरत नसे.

दुपारी वालीच्या त्या सहा तोफांचा दारूगोळा संपला आणि त्या मागे नेल्या. डावीकडच्या पोरांनी तोफा मागे जाताना पाहिल्या. त्यांच्या टोकाच्या दोन कंपन्यांचा अधिकारी आधीच मारला गेला होता. अडीचच्या सुमारास गाझींचा लोंढा डाव्या बाजूवर आदळला. जेकब्स रायफल्स ग्रेनेडियर्सवर कोसळल्या, ग्रेनेडियर्स ६६ व्या पलटणीवर. घोडदळाचा एक हल्ला अर्धवट राहिला. रांग उरली नाही, फक्त माणसांचे घोळके उरले.

अफगाण बाजूनं या दिवसाची नायिका आहे मलालाई. डगमगणाऱ्या गाझींना तिनं आपली ओढणी निशाणासारखी फडकावून पुढे लोटलं अशी तिथली परंपरा आहे. आपल्या मुलखासाठी लढणारे ते होते, परक्या मुलखात नेलेले आपले होते. हे न विसरता पुढचं वाचायला हवं.

६६ व्या पलटणीचे उरलेले लोक मागच्या ओढ्यातून खिग गावाच्या बागांकडे सरकले. त्यांच्याबरोबर लेफ्टनंट हेन आणि त्याचे चौदा सॅपर होते. हे सॅपर पूल बांधणारे, खंदक खणणारे, रस्ते मोकळे करणारे. आघाडीवर छातीला छाती लावून लढणं हे त्यांचं रोजचं काम नव्हे. ते बाकीच्या फौजेबरोबर निघून जाऊ शकले असते. ते राहिले, आणि पळणाऱ्या ब्रिगेडच्या मागे आड होऊन उभ्या असलेल्या मूठभर लोकांत सामील झाले. पलटणीचा कर्नल गॅलब्रेथ पडला. हेन आणि त्याचे सॅपर पडले. एका बागेतून दुसऱ्या बागेत मागे सरकता सरकता शेवटी दोन अधिकारी आणि नऊ शिपाई उरले. ते अकरा जण बागेची भिंत सोडून उघड्यावर आले आणि पाठीला पाठ लावून शेवटचा माणूस पडेपर्यंत लढले. हे जगाला कळलं ते अफगाण बाजूच्या एका तोफखाना अधिकाऱ्याच्या तोंडून. त्यानं शत्रूचं कौतुक करताना हात आखडता घेतला नाही.

या अकरांच्या पुढे बॉबी होता. चारी बाजूंनी चालून येणाऱ्या गर्दीवर तो भुंकत होता असं पलटणीत सांगतात.

कुत्र्याच्या भुंकण्याला आपण किरकोळ समजतो. अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला विचारलं तर तो तसं समजणार नाही. तिथल्या बिबट्यांच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास झाला, त्यात खाद्याच्या एकूण वजनापैकी ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावकुत्र्यांचा निघाला. म्हणजे वस्तीवरचं जे कुत्रं रात्री उसाकडे तोंड करून भुंकतं, ते स्वतः बिबट्याचं भक्ष्य असतं. तरी ते गोठ्याच्या आणि उसाच्या मध्ये उभं राहतं. त्याला आपला आकार कळत नाही असं म्हणणं सोपं आहे. माझा त्यावर विश्वास नाही. बिबट्याचा वास आला की कुत्र्याच्या पाठीवरचे केस उभे राहतात, अंग थरथरतं, शेपूट खाली जातं, आणि भुंकणं तरीही थांबत नाही. भीती त्याला पुरेपूर कळलेली असते. माणसांना सोडून जाणं मात्र त्याला जमत नाही. मैवंदच्या बागेबाहेर ‘आपली माणसं’ एवढाच हिशेब त्या छोट्या जिवाला ठाऊक होता.

बॉबीच्या पाठीला जखम झाली. तो मेला असंच सगळ्यांनी धरलं. रात्रभर बरोजची मोडकी फौज सुमारे सत्तर किलोमीटरची कंदाहारची वाट तुडवत होती. पाणी जवळजवळ नव्हतंच. वाटेवर तहानेनं आणि जखमांनी माणसं पडत होती, गावकरी भटक्यांना टिपत होते. तोफखान्याच्या गोऱ्या शिपायांनी या माघारीत जखमींना वाचवून दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. आणि या वाटेनं, किंवा तिच्या आसपासच्या रानातून, हे लंगडणारं कुत्रं आपल्या पलटणीचा माग काढत आलं. केलीही जखमी होऊन वाचला होता. दोघांची कंदाहारात गाठ पडली.

बरोजच्या फौजेतले एकूण मेलेले ९६९. त्यांत २१ अधिकारी. शिवाय ३३१ बाजारबुणगे, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पलटणीवार आकडे पाहिले की मला थांबावंसं वाटतं. ६६ व्या पलटणीचे २८६ ठार. जेकब्स रायफल्सचे २४१. बॉम्बे ग्रेनेडियर्सचे ३६६. सुमारे साडेसहाशेंच्या त्या पलटणीतले ३६६ जण त्याच मैदानात राहिले. पळून जाणारी पलटण असे आकडे मागे ठेवत नाही. निम्म्याहून अधिक माणसं मरेपर्यंत ती जागेवर होती, मग मोडली.

ऑगस्टमध्ये रॉबर्ट्स काबूलहून निघाला, तीनशे मैल तीन आठवड्यांत तोडून कंदाहारला आला आणि १ सप्टेंबरला त्यानं अयूबचा पराभव केला. इंग्लंडात या कूचीचे पोवाडे झाले. मैवंदचं काय करायचं हा प्रश्न मात्र उरला. साम्राज्याचा पराभव झाला की त्याला दोन गोष्टी लागतात, एक वीरगाथा आणि एक दोषी.

वीरगाथा ६६ व्या पलटणीच्या वाट्याला आली, आणि ती खोटी नव्हती. १८८१ मध्ये पलटण मायदेशी परतली. १७ ऑगस्ट १८८१ रोजी राणी व्हिक्टोरियानं वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न प्रासादात मैवंदच्या काही शिपायांना पदकं दिली. केली होता, आणि मखमली डगला घातलेला बॉबीही होता. राणीनं स्वतःच्या हातानं त्याला अफगाण युद्धाचं पदक दिलं. त्या दिवशीच्या रोजनिशीत तिनं या कुत्र्याची आणि त्याच्या पाठीवरच्या जखमेची नोंद केली. जात लिहायची वेळ आली तेव्हा पॉमेरेनियनसारखा काहीतरी, एवढंच तिला लिहिता आलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, गॉस्पोर्ट गावात एका घोडागाडीखाली सापडून बॉबी मेला. पलटणीनं त्याचं कातडं भरून काचेच्या पेटीत ठेवलं. आज तो सॉल्झबरीच्या सैनिकी संग्रहालयात आहे, पदकासह. चित्रकार फ्रँक फेलरनं काढलेल्या ‘शेवटचे अकरा’ या चित्रातही तो आहे. रेडिंग शहराच्या बागेत १८८६ साली मैवंदचा म्हणून एक प्रचंड ओतीव लोखंडी सिंह उभारला. त्याच्या चौथऱ्यावर साऱ्या अफगाण मोहिमेत पडलेल्या ६६ व्या पलटणीतल्या ३२९ जणांची नावं कोरली आहेत. कॉनन डॉयलनं आपल्या डॉक्टर वॉटसनला मैवंदमध्येच जखमी करून लंडनला आणलं, इतकी ही लढाई इंग्रज वाचकाच्या ओळखीची झाली.

दोष मुंबई सैन्याच्या वाट्याला आला. घोडदळाच्या दोन अधिकाऱ्यांवर मुंबईत कोर्टमार्शल झालं आणि ते निर्दोष सुटले. शिपायाला असं कोर्ट मिळालं नाही. त्याच्यावर कुणी खटला भरला नाही, म्हणून त्याला निर्दोष सुटण्याचीही सोय नव्हती. बरोजनं त्यांना उघड्यावर का झोपवलं, सकाळपासून त्यांच्या पोटात काय होतं, हुकूम देणारे किती उरले होते, हे प्रश्न जाणकारांत चर्चिले गेले. मात्र छावण्यांत आणि वर्तमानपत्रांत ठसलं ते एवढंच की मुंबईचे देशी शिपाई मोडले.

आणि इथे रॉबर्ट्स पुन्हा येतो. १८८५ ते १८९३ तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता. काही जमाती जन्मतःच लढवय्या आणि काही नाहीत, या मताचा तो सर्वांत वजनदार पुरस्कर्ता. दक्षिणेच्या सैनिकाला दीर्घ शांततेनं नरम केलं आहे आणि भरती उत्तरेकडे, पंजाबात आणि नेपाळात करावी, असं तो मानत होता. हे मत एकट्या मैवंदमुळे जन्मलं नाही. पण मैवंदनं त्याला बोट दाखवायला जागा दिली. कुत्र्यांच्या आणि घोड्यांच्या वंशावळी ठेवणाऱ्या या समाजानं माणसांच्याही वंशावळी ठेवल्या, आणि कुणाच्या रक्तात शौर्य आहे हे वहीत लिहून टाकलं. ज्या लढाईनं जात न सांगता येणाऱ्या एका कुत्र्याला पदक मिळवून दिलं, तिच्यानंतरच्या दशकात हे घडलं, याचा मला राग येतो, आणि तो यायलाच हवा.

त्याचा सर्वांत मोठा घाव महारांवर बसला. मुंबई सैन्याच्या पायदळात दख्खनी मराठे, कोकणी, महार, परदेशी, मुसलमान अशी सरमिसळ असे. पिढ्यान्‌पिढ्या महारांनी या सैन्यात सुभेदारापर्यंत मजल मारली होती. कोरेगावच्या स्तंभावर त्यांच्या बावीस जणांची नावं आहेत. १८९२-९३ च्या सुमारास त्यांची भरती बंद झाली. एका फर्मानानं शेकडो घरांतला पगार, पेन्शन, पलटणीतली शाळा आणि ताठ मानेनं चालण्याची सवय, सगळं तुटलं. महाडकडचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर, जोतीराव फुल्यांचे अनुयायी, त्यांनी १८९४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांकडे अर्ज केला की आमची भरती पुन्हा सुरू करा. अर्जाचा उपयोग झाला नाही. त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळ्यांनी हाच लढा पुढे नेला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा भरतीचं दार पुन्हा उघडलं, तेही दुसरं महायुद्ध डोक्यावर आल्यामुळे.

त्याच युद्धात तिकडे इंग्लंडात छोट्या कुत्र्यांनी पुन्हा एकदा आपलं शौर्य दाखवलं. बाँबवर्षावात बेवारस झालेला ‘रिप’ नावाचा टेरियर लंडनच्या पॉप्लर भागात एका एअर रेड वॉर्डनकडे राहिला आणि कुणी न शिकवता ढिगाऱ्याखालची माणसं हुडकू लागला. वर्षभरात त्यानं शंभराहून अधिक जणांचा पत्ता लावला. ‘ब्यूटी’ या वायरहेअर्ड टेरियर कुत्रीनं ढिगाऱ्यांतून ६३ जनावरं वाचवली. दोघांना १९४५ मध्ये डिकिन पदक मिळालं. प्राण्यांच्या शौर्यासाठीचं ते पदक १९४३ साली सुरू झालं होतं. फिलिपिन्समध्ये लिंगायेनच्या धावपट्टीखालच्या अरुंद नळातून टेलिफोनची तार नेण्याचं काम ‘स्मोकी’ या दोन किलोंच्याही आतल्या यॉर्कशर टेरियरनं काही मिनिटांत केलं. तेच काम माणसांनी केलं असतं तर धावपट्टी खणावी लागली असती आणि ती माणसं कित्येक दिवस बाँबफेकीच्या तोंडी राहिली असती. या तिघांनाही आधी कुणी लढाऊ जातीचं म्हटलं नव्हतं.

बॉबीचं पदक त्याचंच आहे. त्यातला कणभरही मला कमी करायचा नाही. त्याची पेटी पाहायला मिळाली तर मी तिच्यापुढे आदरानं उभा राहीन. पण ‘शेवटचे अकरा’ मोजताना त्यांच्या आधी त्याच बागांत पडलेले हेनचे चौदा सॅपर मोजले गेले पाहिजेत. त्या तुकडीचं ठाणं खडकीला होतं, आपल्या दाराशी. बॉम्बे ग्रेनेडियर्सच्या ३६६ जणांना, तिसऱ्या रिसाल्याच्या स्वारांना आणि जेकब्स रायफल्सच्या त्या कोवळ्या पोरांना मराठी इतिहासलेखनात एखादं प्रकरण तरी मिळायला हवं. पलटणींचे जुने दप्तर, पेन्शनचे कागद, छावण्यांतल्या नोंदी यांत त्यांची गावं शोधता येतील, आणि त्यांतली काही गावं नगर, पुणे, सातारा, रत्नागिरीच्या नकाशावर निघतील असा माझा भरवसा आहे. जिल्ह्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावं. सुरुवात त्या चौदा सॅपरांच्या नावांपासून करावी.